लुआ स्क्रिप्टमध्ये परत परत येणारी 'निल व्हॅल्यू' एरर: ती ओळ बुजवू नका, निल आलं कुठून ते बघा

लुआ या प्रोग्रामिंग भाषेतली तुमची स्क्रिप्ट इतके दिवस नीट चालत होती, मग सॉफ्टवेअर अपडेट झालं किंवा तीच फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि 'अटेम्प्ट टू इंडेक्स अ निल व्हॅल्यू' नाहीतर 'अटेम्प्ट टू कॉल अ निल व्हॅल्यू' सुरू झालं. निल म्हणजे लुआच्या भाषेत 'इथे काहीच नाही'. आता बहुतेक जण करतात काय, तर एररमधला लाइन नंबर बघून तिथे जातात, एक 'इफ' टाकतात की बाबा निल नसेल तरच पुढे जा, एरर गायब, खूश. मग काही दिवसांनी तीच एरर दहा ओळी खाली उगवते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एरर येतच नाही आणि स्क्रिप्ट गुपचूप काहीच करत नाही. हा प्रॉब्लेम परत परत येतो तो यामुळेच. लाइन नंबर सांगतो की निल कुठे धडकलं, ते जन्माला कुठे आलं हे तो सांगत नाही.

लुआमध्ये हे इतकं का होतं ते आधी थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पुढचं शोधणं सोपं जातं. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोमधल्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत तयार झाली, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवता यावी म्हणून ती मुद्दाम छोटी ठेवलीय. म्हणून ती बऱ्याच ठिकाणी तक्रार करत नाही, सरळ निल देते. न बनवलेलं व्हेरिएबल वाचलं, निल. टेबलमध्ये, म्हणजे नावाखाली वस्तू ठेवायच्या लुआच्या डब्यात, नसलेलं नाव मागितलं, निल. फंक्शनला दोन गोष्टी द्यायच्या होत्या आणि एकच दिली, दुसरी निल. फंक्शननं काही रिटर्नच केलं नाही, तरी निल. या चारही वेळी चूक होते त्या जागी काही कळत नाही, ते निल हातोहात पुढे जातं आणि कोणीतरी त्याच्यावर डॉट टाकला किंवा त्याला कॉल केलं की मग बोंब होते. त्यात निओव्हिम (एडिटर), एमपीव्ही आणि व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर), रेडिस (डेटाबेस), वायरशार्क आणि एनमॅप (नेटवर्क तपासणारी टूल) या प्रत्येकानं आपापलं लुआ आत घेतलंय, व्हर्जन वेगळं, दिलेली फंक्शनं वेगळी, काढून टाकलेलीही वेगळी. त्यामुळे 'माझ्याकडे चालतंय' याला इथे फारसा अर्थ नाही.

तर पहिलं काम, एरर पूर्ण वाचा. निल व्हॅल्यू एवढं वाचून थांबू नका, त्याच्या आजूबाजूला एक शब्द असतो, ग्लोबल (सगळीकडून दिसणारं), लोकल (आपल्याच जागेपुरतं), फील्ड (टेबलमधलं नाव), मेथड (कोलननं कॉल केलेलं फंक्शन) किंवा अपव्हॅल्यू (बाहेरचं लोकल, जे आतलं फंक्शन वापरतं), आणि नाव असतं. अर्धं उत्तर त्या शब्दातच असतं. नावाची जागा व्हर्जनप्रमाणे बदलते, ५.१, ५.२ आणि लुआजिटमध्ये (लुआचा एक वेगवान अवतार) 'अटेम्प्ट टू कॉल ग्लोबल अमुक' असं नाव मधे येतं आणि 'अ निल व्हॅल्यू' शेवटी कंसात, तर ५.३ पासून उलटं, निल व्हॅल्यू आधी आणि ग्लोबल अमुक कंसात. म्हणजे नुसत्या एररच्या ठेवणीवरूनच आत साधारण कुठलं लुआ बसलंय ते कळतं.

ग्लोबल दिसलं तर तीनच शक्यता धरा: स्पेलिंग चुकलंय, फंक्शन वापरलेल्या ओळीच्या खाली लोकल म्हणून बनवलंय, किंवा ते नाव या व्हर्जनमध्ये किंवा या सॉफ्टवेअरमध्ये मुळात नाहीच. स्पेलिंगमध्ये कॅपिटल-स्मॉलसुद्धा धरा, लुआला तो फरक पक्का कळतो.

मधली शक्यता सगळ्यात जास्त वेळ खाते म्हणून ती नीट बघू. समजा वर 'सुरू' नावाचं फंक्शन आहे आणि त्याच्या आत तुम्ही 'दाखव' ला कॉल करताय, आणि 'दाखव' खाली 'लोकल फंक्शन' म्हणून लिहिलंय. 'सुरू' कंपाइल होताना 'दाखव' नावाचं लोकल अजून अस्तित्वातच नसतं, म्हणून लुआ समजतं की ग्लोबल 'दाखव' म्हणताय, आणि ग्लोबल तर कोणी बनवलेलंच नाही. फाइलमध्ये फंक्शन डोळ्यांसमोर दिसतंय, नाव बरोबर आहे, तरी निल. उपाय, एक तर 'दाखव' वर न्या, किंवा वर नुसतं 'लोकल दाखव' लिहून ठेवा आणि खाली त्यात फंक्शन भरा. पण इथे अजून एक खड्डा आहे. खाली भरताना परत 'लोकल' हा शब्द लिहिलात तर ते दुसरंच नवीन व्हेरिएबल होतं, वरचं तसंच रिकामं राहतं आणि एरर परत येते, फक्त आता ग्लोबलच्या जागी अपव्हॅल्यू लिहिलेलं असतं. हा बदल लक्षात आला नाही तर माणूस म्हणतो की उपाय करूनही तीच एरर येतेय. तीच नाहीये, शब्द बघा.

लोकल दिसलं आणि नाव 'सेल्फ' असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही, कोलनच्या जागी डॉट पडलाय. कोलननं कॉल केलं की कोलनच्या आधीची वस्तू 'सेल्फ' म्हणून आपोआप पहिली पाठवली जाते, डॉटनं नाही. गोंधळ होतो कारण एकाच स्क्रिप्टमध्ये दोन्ही पद्धती लागतात, निओव्हिमनं स्क्रिप्टसाठी दिलेली म्हणजे एपीआय फंक्शनं डॉटनं चालतात पण त्यातलाच टायमर सुरू करायचा तर कोलन लागतो. उलटी चूक जास्त छळते, डॉटच्या जागी कोलन पडला तर सगळ्या गोष्टी एक घर पुढे सरकतात, पहिल्या जागी टेबल जातं आणि एरर भलत्याच ठिकाणी येते.

दुसरं कुठलं लोकल असेल तर ते ज्या फंक्शनमधून आलं तिकडे जा. इथला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे फाइल उघडणारं 'आयओ डॉट ओपन'. फाइल उघडली नाही तर ते एरर फेकत नाही, निल देतं आणि सोबत कारण देतं, पण ते कारण आपण घेतच नाही. मग पुढच्या ओळीत रीड केलं की निलची बोंब. त्याला 'असर्ट' मध्ये (निल आलं की तिथेच कारणासकट थांबवणारं फंक्शन) गुंडाळा, एवढंच, की लगेच 'नो सच फाइल' असं खरं कारण समोर येतं. आणि ते आलं की बहुतेक वेळा गोष्ट पाथची, म्हणजे फाइलच्या पत्त्याची निघते: स्क्रिप्टमध्ये नुसतं फाइलचं नाव दिलेलं असतं, आणि ते शोधलं जातं सॉफ्टवेअर ज्या फोल्डरमधून सुरू झालं तिथे, स्क्रिप्ट जिथे आहे तिथे नाही. टर्मिनलमधून उघडलं तर चालतं आणि आयकॉनवर क्लिक केलं तर चालत नाही, असं कोणी म्हणालं की आधी हेच बघायचं.

फील्ड दिसलं म्हणजे टेबल आहे पण आतलं नाव नाही. इथे हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे नंबर आणि स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) यांचा गोंधळ. कॉन्फिग फाइलमधून किंवा पॅटर्न मॅच करून आणलेला ३ हा स्ट्रिंग असतो, आणि टेबलमध्ये भरताना तुम्ही नंबर ३ वापरलेला असतो, लुआसाठी या दोन पूर्ण वेगळ्या जागा आहेत. प्रिंट केलं तर दोन्ही सारखेच दिसतात म्हणून माणूस तासभर स्क्रीनकडे बघत बसतो. 'टाइप' प्रिंट करा, लगेच कळेल, आणि 'टूनंबर' लावा. तसंच विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर ओळीओळीनं वाचली तर प्रत्येक ओळीच्या शेपटीला कॅरेज रिटर्न हे न दिसणारं अक्षर चिकटून येतं, नाव दिसायला तेच, टेबलमध्ये मात्र सापडत नाही. यासाठी 'स्ट्रिंग डॉट फॉरमॅट' मध्ये टक्का-क्यू वापरून छापा, अवतरणात छापतं आणि न दिसणारं अक्षरही उघडं पडतं. मला वाटतं डीबगिंगसाठी नुसत्या प्रिंटपेक्षा हीच सवय लावून घ्यावी.

आता रिक्वायर, म्हणजे दुसऱ्या फाइलमधला कोड (मॉड्यूल) आणणारं फंक्शन. याच्या तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि तिन्हीला लोक 'मॉड्यूल लोड होत नाहीये' असंच म्हणतात.

एक, मॉड्यूलच्या शेवटी 'रिटर्न' लिहायचं राहिलं. मग रिक्वायर निल देत नाही, ट्रू देतं, आणि एररमध्ये निलच्या जागी 'बूलियन व्हॅल्यू' दिसतं. रिक्वायरनंतर बूलियन हा शब्द दिसला की सरळ फाइलच्या शेवटच्या ओळीवर जा.

दोन, फाइल बदलली तरी जुनाच कोड चालतोय. लुआ एकदा आणलेलं मॉड्यूल 'पॅकेज डॉट लोडेड' या टेबलमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी फाइल उघडून बघतसुद्धा नाही. टर्मिनलमध्ये प्रत्येक वेळी नवीन सुरुवात होते म्हणून हे जाणवत नाही, पण तासनतास उघड्या राहणाऱ्या एडिटरमध्ये जाणवतं. त्या टेबलमधली त्या नावाची नोंद निल करा आणि परत रिक्वायर करा. मात्र दुसऱ्या कुठल्या फाइलनं जुनं टेबल आधीच आपल्या लोकलमध्ये धरून ठेवलं असेल तर ती जुनंच वापरत राहणार, तिला हे कळायचा काही मार्ग नाही. अर्धं नवीन अर्धं जुनं अशी अवस्था झाली की विचित्र निल यायला लागतात. अशा वेळी डोकं न लावता एडिटर बंद करून उघडा, तेच स्वस्त पडतं.

तीन, नावांची टक्कर. निओव्हिममध्ये हे फार दिसतं: टेलिस्कोप नावाचं प्लगइन आहे, तर माणूस त्याची सेटिंग ठेवायला स्वतःच्या लुआ फोल्डरमध्ये टेलिस्कोप याच नावाची फाइल बनवतो. दिसायला शहाणपणाचं वाटतं. पण शोधताना तुमचं कॉन्फिग फोल्डर आधी लागतं, त्यामुळे प्लगइन मागितलं तरी तुमचीच फाइल मिळते, ती स्वतःलाच रिक्वायर करते आणि 'लूप ऑर प्रीव्हियस एरर लोडिंग मॉड्यूल' असं येतं, किंवा 'सेटअप' हे फील्ड निल आहे म्हणून रडतं. प्लगइन परत इन्स्टॉल करून हे कधीच सुटणार नाही. फाइलचं नाव बदला किंवा ती एका आतल्या फोल्डरमध्ये टाका, संपलं.

अपडेटनंतरच एरर सुरू झाली असेल तर व्हर्जनकडे बघा. '_व्हर्जन' हे ग्लोबल प्रिंट केलं की कळतं, फक्त लुआजिटसुद्धा स्वतःला ५.१ च म्हणवतं, ते ओळखायचं तर 'जिट' नावाचं ग्लोबल आहे का ते बघायचं. ५.१ आलं २००६ मध्ये, ५.२ २०११ च्या शेवटी, ५.३ २०१५ मध्ये आणि ५.४ २०२० मध्ये, आणि प्रत्येक वेळी काहीतरी उडालंय. निओव्हिम आणि रेडिस ५.१ च्या घराण्यातच राहिलेत, एमपीव्ही ५.१, ५.२ किंवा लुआजिटवर चालतं, वायरशार्कनं मात्र ४.४ पासून ५.१ आणि ५.२ ला रामराम केला. म्हणून वायरशार्कची जुनी डिसेक्टर (नेटवर्कचा डेटा उलगडून दाखवणारी) स्क्रिप्ट अचानक रुसली तर स्क्रिप्टवर रागावू नका.

उडालेल्या गोष्टींत नेहमी सापडणारी नावं म्हणजे 'अनपॅक', जे ५.२ पासून टेबल लायब्ररीत गेलं, 'सेटएफएन्व्ह' आणि 'गेटएफएन्व्ह' जी ५.२ मध्ये गेलीच, आणि 'लोडस्ट्रिंग' ज्याचं काम नंतर 'लोड' करायला लागलं. दोन्हीकडे चालायला हवं असेल तर वरती एक ओळ, लोकल अनपॅक बरोबर टेबल डॉट अनपॅक ऑर अनपॅक, की जे असेल ते मिळतं. लोडसाठी क्रम उलटा ठेवा, आधी लोडस्ट्रिंग मग लोड, कारण ५.१ मध्ये लोड नावाचं फंक्शन आहेच पण ते स्ट्रिंग घेत नाही. बिटांची गणितं करणारी 'बिट३२' लायब्ररी, ती ५.२ मध्ये आली आणि ५.४ मध्ये गेली, लुआजिटकडे तिच्याऐवजी 'बिट' आहे.

एक बदल मात्र असा आहे की त्यात एररमध्ये कुठलंच उडालेलं नाव येत नाही. ५.३ पासून पूर्णांक आणि दशांश वेगळे झाले. १० भागिले २ याचं उत्तर आधी छापताना ५ यायचं, आता ५.० येतं. नुसतं गणित करत असाल तर फरक पडत नाही, आणि टेबलमध्ये नंबर म्हणून वापरलात तरी लुआ ५.० ला ५ च समजून घेतं. पण तुम्ही 'पान' या शब्दाला तो नंबर जोडून टेबलमध्ये शोधत असाल तर आधी 'पान५' शोधलं जायचं, आता 'पान५.०' शोधलं जातं, आणि ते नाहीच, म्हणून निल. कोडची एक ओळ बदललेली नाही, कुठलंही फंक्शन गायब नाही, तरी स्क्रिप्ट मेली. ५.३ च्या पुढे भागाकारासाठी दोन तिरप्या रेघा वापरा, जुन्याला पण चालायला हवं असेल तर 'मॅथ डॉट फ्लोर'.

कधी कधी नाव गेलेलं नसतं, सॉफ्टवेअरनंच मुद्दाम दिलेलं नसतं. रेडिसच्या स्क्रिप्टमध्ये फाइल उघडायला गेलात तर 'आयओ' सापडणारच नाही, सुरक्षिततेसाठी काढलंय. रेडिसचं अजून एक, 'गेट' करून मागितलेली 'की' (ज्या नावाखाली डेटा ठेवतात ते नाव) मुळात नसेल तर लुआमध्ये निल येत नाही, फॉल्स येतं. म्हणून 'निलच्या बरोबर आहे का' अशी तपासणी तिथे कायम फसते, 'नॉट' वापरा.

आता शेवटचा प्रकार, जो 'कधी येते कधी येत नाही' या तक्रारीमागे असतो. वेळ. एमपीव्हीची स्क्रिप्ट घ्या, पहिल्याच ओळीत 'ड्युरेशन' ही प्रॉपर्टी मागितली आणि साठनं भागली तर निलवर गणित केलं म्हणून एरर येते, कारण स्क्रिप्ट लोड होते तेव्हा फाइल उघडलेलीच नसते, लांबी येणार कुठून? ते काम 'फाइल-लोडेड' इव्हेंटच्या फंक्शनमध्ये ढकला किंवा प्रॉपर्टी 'ऑब्झर्व्ह' करा. निओव्हिममध्ये बाहेरची कमांड कॉलबॅक (काम संपल्यावर चालणारं फंक्शन) देऊन चालवली आणि लगेच पुढच्या ओळीत निकाल वाचला की तेच होतं, कॉलबॅक अजून चाललेलाच नसतो. मधे थोडा वेळ थांबायला टायमर टाकणं हा उपाय नव्हे. आज शंभर मिलिसेकंद पुरतील, जरा मोठी फाइल आली की नाही पुरणार, आणि मग म्हणाल की एरर रँडम आहे. निकाल वापरणारा कोड कॉलबॅकच्या आतच लिहा, आणि तिथून एपीआय फंक्शन चालत नाही अशी एरर आली तर 'व्हिम डॉट शेड्यूल' मध्ये गुंडाळा.

एवढं सगळं दर वेळी हातानं शोधायला नको म्हणून 'लुआचेक' हे टूल लावून ठेवा. न बनवलेलं ग्लोबल वाचलं किंवा चुकून लोकल न लिहिता नवीन बनवलं की ते स्क्रिप्ट न चालवताच सांगतं. सॉफ्टवेअरनं दिलेली नावं, 'व्हिम' किंवा 'एमपी' वगैरे, त्याच्या सेटिंगमध्ये आधी लिहून द्यायची, नाहीतर शंभर खोट्या वॉर्निंग येतात आणि माणूस टूलच बंद करतो. सगळी ग्लोबल ज्या टेबलमध्ये असतात त्याला मेटाटेबल (टेबलचं वागणं बदलणारं दुसरं टेबल) लावून नसलेलं नाव वाचलं की जागच्या जागी एरर फेकायची ही युक्तीपण चांगली आहे, एमपीव्हीमध्ये बिनधास्त करा कारण तिथे प्रत्येक स्क्रिप्टला स्वतःचं वेगळं लुआ मिळतं. निओव्हिममध्ये करू नका, तिथे सगळी प्लगइन एकाच घरात नांदतात, आणि एखादं ग्लोबल आहे का हे सहज वाचून बघणारं दुसऱ्याचं प्लगइन तुमच्यामुळे पडेल.

आणि 'पीकॉल', म्हणजे एरर आली तरी स्क्रिप्ट न पाडता फंक्शन चालवणारं फंक्शन, ते जपून. एरर दिसू नये म्हणून रिक्वायरला पीकॉलमध्ये टाकायची पद्धत पडलीय, पण मग फाइल नाही, की फाइल आहे पण आत सिंटॅक्स चुकलाय, हे कळतच नाही, दोन्हीला 'नाही मिळालं' एवढंच. पीकॉल दुसऱ्या जागी जे देतं ते निदान छापा तरी. पूर्ण माग हवा असेल तर 'एक्सपीकॉल' ला 'डीबग डॉट ट्रेसबॅक' द्या, कुणी कुणाला कॉल केलं ती सगळी साखळी मिळते आणि निलचा जन्म बहुतेक वेळा त्याच साखळीत एक-दोन पायऱ्या वर सापडतो.

मग ते सुरुवातीचं 'इफ' कधीच टाकायचं नाही का? टाकायचं, निल हेच खरं उत्तर असेल तेव्हा. लाइव्ह स्ट्रीमला पुष्कळदा एकूण लांबी नसतेच, तिथे ड्युरेशन निल येणं ही चूक नाही, तिथे तपासा आणि लांबीऐवजी दुसरं काहीतरी दाखवा. फक्त 'ऑर' वापरून डीफॉल्ट देताना बघा की ते ऑन-ऑफ सेटिंग तर नाही ना, कारण वापरणाऱ्यानं मुद्दाम फॉल्स ठेवलेलं असेल तर ऑर त्यालाही निलसारखंच बाजूला सारतं आणि सेटिंग बंद करूनही बंद होत नाही. ऑन-ऑफ असेल तिथे 'इफ अमुक बरोबर निल' असं पूर्ण लिहा.